खेळासाठी सरस कोण : स्पेक्ट्रम की बीबीसी?

बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या जुन्या घराचा माळा आवरताना काळ्या रंगाचा, मोठ्या वहीएवढा कळफलक सापडला, तर तो भंगारात देण्याची घाई करू नका. कदाचित तो आख्खा संगणकच असेल! ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात आणला. त्याआधी, १९८४-८५ साली, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हा दुसरा ब्रिटिश संगणक पोचला होता. दोन्ही यंत्रे टीव्हीला जोडता येत आणि दोन्हींवर खेळ चालत. जुन्या खेळांचे शौकीन आजही वाद घालतात, की यांत सरस कोण?

प्रथम वेग पाहू. स्पेक्ट्रममधील झेड-८०ए या प्रक्रियकाचे घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देते, तर बीबीसीतील ६५०२ चे २० लाख. म्हणजे स्पेक्ट्रम वेगवान? थांबा. झेड-८० ला सर्वांत छोटी आज्ञा पाळायला ४ ठोके लागतात, ६५०२ ला २. भागाकार करा : पहिल्याच्या सेकंदाला पावणेनऊ लाख आज्ञा होतात, दुसऱ्याच्या १० लाख. ठेंगण्या माणसाची पावले भराभर पडतात, पण उंच माणसाची ढांग मोठी असते, तसेच हे. अर्थात झेड-८० च्या काही आज्ञा एकटीनेच पुष्कळ काम उरकतात. तेव्हा वेगाच्या बाबतीत फार भांडण्यात अर्थ नाही.

खरा फरक आहे तो स्मृतीच्या वाटणीत. पडद्यावरचे चित्रही स्मृतीतच साठवावे लागते, आणि चित्राने जितकी जागा खाल्ली तितकी खेळाला कमी उरते. बीबीसीच्या सर्वांत रंगीत चित्रप्रकारात १६० × २५६ म्हणजे ४०,९६० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बिट धरा. ८ बिटांचा एक बाइट आणि १,०२४ बाइटांचा एक किलोबाइट, या हिशेबाने बरोबर २० किलोबाइट होतात. यंत्राची एकूण स्मृती ३२! त्यातून यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी साडेतीन गेले, की खेळाला उरले साडेआठ.

स्पेक्ट्रमने वेगळी युक्ती केली. त्याचे बिंदू २५६ × १९२, पण प्रत्येकाला एकच बिट : पेटलेला की विझलेला. रंग बिंदूला नसून ८ × ८ बिंदूंच्या चौकटीला, आणि एका चौकटीत फक्त दोन रंग. सगळे चित्र पावणेसात किलोबाइटांत बसते. ४८ पैकी ४१ हून अधिक शिल्लक! ‘मॅनिक मायनर’ (१९८३) हा २० दालनांचा खेळ या यंत्रावर घडला. पण काटकसरीची किंमतही मोजावी लागली. आलेख कागदावर ८ × ८ च्या चौकटी आखा आणि हिरव्या झाडापुढून लाल माणूस नेऊन पाहा. ज्या चौकटीत झाड, माणूस आणि काळे आकाश एकत्र येतील तिथे तीन रंग लागतात, मिळतात दोनच. मग झाड लाल होते किंवा माणूस हिरवा!

बीबीसीच्या बाजूनेही हुशारी झाली. १९८४ चा ‘एलिट’ हा अंतराळ-व्यापाराचा खेळ घ्या. टीव्हीचा किरण सेकंदाला ५० वेळा पडदा वरून खाली रेखाटतो. डेव्हिड ब्रेबेन व इयान बेल यांनी किरण अर्ध्या वाटेत असतानाच चित्रप्रकार बदलण्याची सोय केली. वरच्या भागात दोन रंगांच्या बारीक रेषा, खाली चार रंगांचे फलक. आणि हे सारे २० च्या निम्म्या जागेत. मला तर खेळापेक्षा ही करामतच अधिक आवडते.

आवाजात बीबीसी नि:संशय पुढे : तीन स्वर आणि एक खरखर, तेही स्वतंत्र चिपमधून. स्पेक्ट्रमच्या प्रक्रियकाला हातातले काम थांबवून स्वतःच भोंगा वाजवावा लागतो.

खेळ बहुधा कॅसेटवरून भरत. स्पेक्ट्रममध्ये ० चे कंपन सुमारे अर्धा मिलिसेकंद, १ चे त्याच्या दुप्पट. ४८ किलोबाइट म्हणजे ३,९३,२१६ बिट; सरासरी पाऊण मिलिसेकंद धरल्यास जवळजवळ ५ मिनिटे. तेवढ्यात घाटकोपरहून निघालेली धीमी लोकल विक्रोळीला पोचते. (आणि शेवटच्या सेकंदाला चूक झाली, तर पुन्हा घाटकोपर!)

मोठ्या, अनेक दालनांच्या खेळांसाठी मी स्पेक्ट्रम निवडीन. रंग, आवाज आणि चपळाई हवी असेल तर बीबीसी.

मात्र सापडलेले यंत्र लगेच विजेला जोडू नका. बीबीसीच्या वीजपुरवठ्यातील जुने धारित्र दमट हवेने तडकते आणि वीज देताच धूर सोडते. ते जाणकाराकडून आधी बदलून घ्यावे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट एकदिश वीज लागते, पण त्याच्या प्लगचे आतले टोक ऋण असते. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांचे ते धन असते. जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासून पाहा.