जुन्या छोट्या मोटारीचा गंज व त्याचें निवारण

लोखंड गंजतें ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिच्यांत शिकण्यासारखें कांहीं असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. अंगणांत पडलेला नांगराचा फाळ, विहिरीवरचा रहाट, गोठ्यावरचे पत्रे आपल्या डोळ्यांदेखत तांबूस होतात आणि आपण तिकडे दुर्लक्ष करतों. परंतु हाच गंज माणसें वाहून नेणाऱ्या मोटारीच्या अंगांत शिरला म्हणजे तो केवळ शोभेचा प्रश्न राहत नाहीं. आंत बसणाऱ्यांच्या जीविताचा प्रश्न होतो. आमच्या अमडापुरांत एका परिचित कुटुंबाच्या गोठ्यांत अनेक वर्षें उभी असलेली प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करावी कीं भंगारांत द्यावी, असा प्रश्न आम्हांस विचारण्यांत आला. त्या निमित्तानें सुटींत वरच्या वर्गांतील कांहीं मुलांसह आम्हीं जो अभ्यास केला, त्याचा सारांश येथें देत आहों.

प्रथम या गाडीचें कुळ सांगूं. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईंत कुर्ला येथील तिच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें छोट्या मोटारी तयार होऊं लागल्या. इटलींत १९५३ सालीं निघालेली ‘फियाट ११००’ तेथें आली. १९६४ सालीं तिचें ‘डिलाइट’ हें रूप आलें आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें रस्तोरस्तीं दिसूं लागली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबास जोडलेला, ही तिची ओळख. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती सर्वांच्या परिचयाची झाली. अशी अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदली गेली व वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची सेवा संपली. कारखान्यांतून नवीन गाडी येण्याचें केव्हांच थांबलें आहे. म्हणून जो पत्रा उरला आहे, तोच राखणें भाग आहे.

गंज म्हणजे काय?

लोखंड, प्राणवायु व पाणी या तिघांचा संयोग झाल्यावांचून गंज चढत नाहीं. कोरड्या हवेंत लोखंड वर्षानुवर्षें टिकतें. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणतः शेंकडा ६० च्या वर गेली कीं क्रिया झपाट्यानें सुरू होते. पाण्यांत मीठ असेल तर विद्युत्प्रवाह सुलभ होऊन ही क्रिया आणखी वाढते. म्हणून समुद्रकांठीं वापरलेली गाडी आपल्याकडील गाडीपेक्षां लौकर खचते. आपला शत्रु मुख्यतः मृगापासून हस्तापर्यंतचा पावसाळा होय.

येथें केंब्रिजचे शास्त्रज्ञ यु. आर. इव्हान्स यांचा प्रयोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला, तर थेंबाच्या कडेस हवा पुष्कळ मिळते आणि मध्यभागीं कमी. लोखंड कोठें झिजेल? आपणांस वाटेल कीं, जेथें प्राणवायु अधिक तेथें. प्रत्यक्षांत घडतें तें उलट. मध्यभागीं, जेथें प्राणवायूचा तुटवडा आहे, तेथेंच लोखंड विरघळून खड्डा पडतो, आणि गंजाचें कडें मात्र बाहेरच्या बाजूस उमटतें. या एका प्रयोगानें मोटारीचें सारें कोडें उलगडतें. चिखलाच्या थराखालीं, दोन पत्र्यांच्या सांध्यांत, रंगाच्या फुगलेल्या फोडाखालीं हवा कमी व ओल अधिक असते. तेथेंच गंज खोल जातो. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळें तो रंगास आंतून उचलतो. वरून मुगाएवढा दिसणारा फोड आंत रुपयाएवढें भोंक लपवीत असतो, तें याचमुळें.

गाडीची रचना व गंजाचीं ठिकाणें

ट्रकास खालीं भक्कम चौकट असते व तिच्यावर अंग बसविलेलें असतें. पद्मिनीस अशी वेगळी चौकट नाहीं. फरशी, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, खांब व छप्पर हीं सर्व मिळून एक पेटी होते आणि तीच सारा भार वाहते. अंड्याचें कवच पातळ असूनहि आकारामुळें बळकट असतें, तसाच हा प्रकार. यावरून दाराखालच्या पट्टीचें महत्त्व कळेल. तिला कारागीर ‘सिल’ म्हणतात. बंपर गंजला तर गाडी कुरूप दिसते. सिल गंजली तर गाडी मध्यें वांकते, दारें बसत नाहींशीं होतात आणि अपघातांत ती पेटी माणसांस वाचवूं शकत नाहीं.

तपासणीस दोन साधनें पुरतात: एक लोहचुंबक आणि एक बोथट टोचा. चुंबक पातळ कापडांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो चिकटत नाहीं, तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. मग खालून टोच्यानें दाबून पाहावें. दारांचे तळ, चाकांवरील कमानी, डिकीची फरशी, पुढील कांचेखालचा भाग व पायपुसण्याखालील फरशी हीं मुख्य ठिकाणें होत. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं छिद्रें असतात. तीं धुळीनें बुजलेलीं असतील, तर दार आंतून कुजलेंच असें धरून चालावें.

आमच्या या गाडीचा डावा सिल वरून गुळगुळीत व चकचकीत होता. चुंबक मात्र त्यावर हातभर अंतरापर्यंत चिकटेना. लांबी खरवडली तेव्हां आंत वर्तमानपत्राचे बोळे निघाले. पूर्वीं कोणा कारागिरानें भोंक कागदानें बुजवून वर लांबी व रंग चढविला होता. त्या स्थितींत ती गाडी त्या कुटुंबानें, मुलाबाळांसह, किती प्रवासांस नेली असेल, या विचारानें आमचीं मुलें क्षणभर स्तब्ध झालीं. उजव्या सिलला दोनच छिद्रें होतीं; पुढील खांब व यंत्राचा भार घेणारे पत्रे शाबूत होते. म्हणून दुरुस्ती करण्याजोगी आहे असें आम्हीं सांगितलें. खांबहि गेले असते, तर भंगार हेंच प्रामाणिक उत्तर होतें.

गंज काढण्याचे उपाय

मोकळ्या पत्र्यावरील गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरानें काढावा. जुना रंग मात्र पाण्यानें ओला करून घांसावा व तोंडास चांगला मुखवटा बांधावा. कारण जुन्या अस्तरांत शिशाचे क्षार असूं शकतात. देवाच्या मूर्तीस लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचाच एक भस्म. लोखंडास गंज लागूं नये म्हणून अस्तरांत पूर्वीं तो पुष्कळ वापरीत. त्याची धूळ विषारी असते.

सुटे लहान भाग सोड्याच्या पाण्यांत विजेनें साफ करतां येतात. धुण्याचा सोडा पाण्यांत विरघळवावा. गंजलेली वस्तु बॅटरी-चार्जरच्या ऋण टोंकास व एक टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोंकास जोडावी. वस्तूभोंवतीं हायड्रोजनचे बुडबुडे येऊन गंज सुटूं लागतो. हें काम उघड्यावर करावें, जवळ विस्तव नसावा व धन टोंकास स्टेनलेस स्टीलची पट्टी कदापि लावूं नये. तिच्यांतून क्रोमियमचे विषारी क्षार निघतात. आपल्याच जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें क्षारधर्मी पाणी तुम्हीं सहलींत पाहिलें असेल. सोडा हा त्याच जातीचा क्षार.

वीज नको असल्यास उसाची मळी एक भाग व पाणी नऊ भाग अशा द्रावणांत वस्तु दोन आठवडे बुडवून ठेवावी. वास दुःसह असतो, परंतु चांगलें लोखंड फारसें न खातां गंज सुटतो.

जो गंज खड्ड्यांतून निघतच नाहीं, त्याचें रूपांतर करावें लागतें. टॅनिक आम्लाचें द्रावण लावल्यास गंजाचा काळा, स्थिर पदार्थ होतो. हिरडा व हिराकस एकत्र करून आपले पूर्वज काळी शाई करीत, तीच ही क्रिया. फॉस्फरिक आम्लानें लोहाचा फॉस्फेट होऊन पातळ कवच चढतें. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें उभा आहे, त्याचें एक कारण त्या लोखंडांतील फॉस्फरसाचें अधिक प्रमाण व त्यामुळें बनलेला रक्षक थर हेंच असल्याचें संशोधकांनीं दाखविलें आहे.

कापणें, जोडणें व रंगविणें

सडलेला पत्रा झांकूं नये; निरोगी धातु लागेपर्यंत कापून टाकावा. सिल कापण्यापूर्वीं गाडी सपाट जागीं पक्क्या आधारांवर ठेवावी, दाराच्या चौकटींत लोखंडी दांडा तात्पुरता जोडावा आणि एका वेळीं एकच बाजू कापावी. नाहीं तर पेटी वांकते व पुन्हां सरळ होत नाहीं. नवीन पत्रा मूळच्याइतक्या जाडीचा घ्यावा. बाहेरील अंगास २० गेज, म्हणजे सुमारें ०.९ मिलिमीटर, पुरतो. भार वाहणाऱ्या भागांस १८ गेज घ्यावा. आंतल्या, पुढें न दिसणाऱ्या बाजूंस जस्ताचें अस्तर आधींच लावावें. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें.

वेल्डिंगपूर्वीं बॅटरी सोडावी, पेट्रोलची टांकी काढून दूर न्यावी व पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवावें. एक सलग रेघ न ओढतां इंचभर टांके दूर दूर घालावे, म्हणजे उष्णतेनें पत्रा लाटेसारखा होत नाहीं. प्रत्येक टप्प्यास दार लावून पाहावें. आमच्या गाडीचें हें काम चिखलीच्या एका अनुभवी वेल्डरनें केलें. मुलांनीं घांसणें, मोजणें व टिपणें ठेवणें एवढेंच केलें, आणि तें योग्यच होतें.

सांधे सीलरनें बंद करून इपॉक्सी अस्तर द्यावें. साधें अस्तर ओल शोषतें. तें महिनोन्‌महिने तसेंच ठेवूं नये. लांबीचा थर अगदीं पातळ असावा. तिचें काम खोलगटपणा भरणें, भोंक बुजविणें नव्हे. रंगास दिवाळीपासून माघापर्यंतचा कोरडा काळ उत्तम. पावसाळ्यांत रंग पांढुरका पडतो आणि वैशाखांत वावटळीची धूळ बसते. दोन द्रव्यें मिसळून फवारण्याचे आधुनिक रंग फुप्फुसांस अपायकारक असतात. ते घरीं न फवारतां योग्य साधनें असलेल्या कारखान्यांतच द्यावेत. रंग वाळल्यावर सिल व दारांच्या पोकळींत मेणयुक्त तेल सोडावें आणि पाण्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं.

कायद्याचें अंग

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें चालते व पुढें तपासणीनंतर पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. रंग बदलल्यास नोंदणीपुस्तकांत तशी दुरुस्ती करून घ्यावी. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें झालेल्या व मूळ स्वरूप राखलेल्या खासगी गाड्यांस २०२१ च्या नियमांनीं ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद मिळते. मात्र ती नित्य वापरासाठीं नसते. आमची पद्मिनी अद्याप तितकी वृद्ध नाहीं. तिला बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयापुढें साध्या तपासणीसच उभें राहावयाचें आहे.

शेवटीं एक गोष्ट. रंग चढल्यावर चांगलें काम व फसवें काम बाहेरून सारखेंच दिसतें. कागदाचे बोळे भरलेला सिलहि चकाकतच होता. म्हणून दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र व टिपण ठेवावें: कोणता पत्रा कापला, किती जाडीचा घातला, कोठें जुना गंज केवळ रूपांतरित करून सोडला. आमच्या मुलांनीं अशी एक वही तयार केली असून ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. गाडी पुढें कधीं विकली गेली, तर ती वही नव्या मालकाच्या हातीं द्यावी, असें त्या कुटुंबानें मान्य केलें आहे.