धार लावा म्हटलं होतं, चकचकीत करा नव्हे

विळीच्या पात्यावर वापरानं चढलेला काळसर थर म्हणजे मळ, असं त्या धारवाल्यानं परस्पर ठरवून टाकलं. "दादा, फक्त धार हवी, पात्याच्या अंगाला चाक लावू नका," हे मी बजावून सांगितलं होतं. तरी त्यानं दोन्ही अंगं घासून पांढरी केली आणि वर म्हणाला, "बघा ताई, एकदम नवी केली!" त्याचे पैसेही वेगळे मागितले.

घरी कच्ची केळी चिरली, तर फोडी काळ्याठिक्कर आणि हाताला लोखंडाचा वास. सकाळी पात्यावर तांबडे ठिपके. खिडकीशी धरून पाहिलं तेव्हा टोकाकडे धारेलगत निळी-जांभळी पट्टी दिसली आणि पोटात धस्स झालं. कोरड्या चाकावर पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं, की हा रंग चढतो. म्हणजे तिथलं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं होतं. त्याला दाखवलं, तर म्हणे, "घासलं की जाईल." रंग जाईल हो, पाणी कसं परत येईल? तेवढा भाग झिजवून काढायचा, नाहीतर लोहाराकडून पुन्हा पाणी द्यायचं.

तांबडा गंज भुसभुशीत असतो, आत आत खात जातो. काळा थरही लोखंडाचा ऑक्साइडच, पण घट्ट धरून बसतो आणि ओल, आंबट यांना बराच अडवतो. तो घालवायचा नसेल तर धार घरीच लावा. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड पुरतो. आधी जाडी बाजू, मग बारीक. दगड ओला ठेवा, कोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच ठेवा. दगडाचा चिखल पात्याच्या अंगावर ओरखडे काढतो, म्हणून मधून मधून पुसा. धारेलगतची बारीक पट्टी उजळणारच, तिला घाबरू नका. कांदे-बटाटे चिरता चिरता ती पुन्हा काळवंडते. लगेच धुऊन, कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवा, पावसाळ्यात तर रोज. चिंच, लिंबू, तारेची घासणी पात्यापासून लांब ठेवा.

धारवाल्याकडे द्यायचीच असेल, तर समोर उभ्या राहा. चाक अंगाला टेकलं की तिथेच थांबवा, आणि धार नीट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. न सांगितलेल्या कामाचे तर मुळीच नाही.