चित्राखालची रेघ

भिंतीवर कांद्याच्या पापुद्र्याचे चित्र लावले आहे. त्याखाली एक आडवी काळी रेघ आहे. ती रेघ कशाला, असे एका काकूंनी विचारले, म्हणून हा लेख.

आधी नकाशा बघू. आमच्या तालुक्याच्या नकाशावर लिहिले होते, 1 सेंटिमीटर म्हणजे 2 किलोमीटर. खाली 5 सेंटिमीटरची रेघ होती, तिच्यावर 10 किलोमीटर असे लिहिले होते. उल्हासनगर ते अंबरनाथ जेमतेम 1 सेंटिमीटर. अंबरनाथ ते बदलापूर रुळावरून दोरा फिरवला, तो 4 सेंटिमीटर भरला. म्हणजे 8 किलोमीटर. रेल्वेच्या मापानेही साधारण तेवढेच आहे.

मग बाईंनी त्याच नकाशाची दुप्पट मोठी झेरॉक्स आणली. आता दोरा 8 सेंटिमीटर भरला. लिहिलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवला तर बदलापूर 16 किलोमीटर झाले! एवढ्यात तर लोकल वांगणीजवळ पोचेल. पण खालची रेघसुद्धा नकाशाबरोबर वाढून 10 सेंटिमीटरची झाली होती. तिच्याशी दोरा लावला तर बरोबर 8 किलोमीटरच आले. अक्षरे खोटी पडली, रेघ खरी राहिली.

कांद्याचेही तसेच. सूक्ष्मदर्शकाखाली आधी पारदर्शक पट्टी ठेवली आणि फोनने फोटो काढला. मग भिंग न बदलता पापुद्र्याचा फोटो काढला. दोन्ही सारखेच मोठे छापले. पट्टीचा 1 मिलिमीटर कागदावर 5 सेंटिमीटर दिसला, म्हणजे 50 पट. भिंतीसाठी चित्र दुप्पट केले, तेव्हा 50 पट हे शब्द खोडावेच लागले असते. म्हणून बाईंनी ते लिहूच दिले नाहीत, फक्त रेघ काढायला सांगितली. आता 1 मिलिमीटर 10 सेंटिमीटर झाला आहे. एक पेशी 3 सेंटिमीटर लांब दिसते. म्हणजे मिलिमीटरचे 10 भाग केले तर त्यातले 3 भाग. एवढी ती बारीक!

फोनवर दोन बोटांनी चित्र मोठे करतो, तेव्हा जास्त गंमत होते. चित्र वाढले आणि रेघ पडद्यावर तशीच राहिली, आकडाही तोच राहिला, तर ती रेघ खोटे बोलते. एक तर रेघ चित्राबरोबर वाढली पाहिजे, नाहीतर आकडा बदलला पाहिजे. फोनमधला नकाशा आकडा बदलतो. जवळ जा, 500 मीटरचे 200 होतात, मग 100. तो 137 मीटर असे कधी लिहीत नाही, सोपा आकडा येईल एवढी रेघ लहानमोठी करतो. हे मला फार आवडले.

अंबरनाथचे शिवमंदिर 1060 सालचे आहे. तिथल्या मूर्तीचा नुसता फोटो पाहून मूर्ती वीतभर की पुरुषभर ते कळत नाही. म्हणून अभ्यास करणारे लोक मूर्तीशेजारी काळीपांढरी पट्टी ठेवून फोटो काढतात. पट्टी मूर्तीला लागूनच हवी. कॅमेऱ्याजवळ धरली तर पट्टी मोठी दिसते आणि मूर्ती उगीच लहान ठरते.

चित्राजवळ दोरा बांधून ठेवला आहे. पालकांनो, तुम्हीही एक पेशी मोजा. रेघ 2 सेंटिमीटरची आहे, तिच्यावर मिलिमीटरचे 2 दशांश असे लिहिले आहे.