शरदागम आणि निवळलेले पाणी

भाद्रपदाची अमावास्या झाली, पितरांना निरोप दिला, की आश्विन लागतो आणि शरदऋतूस आरंभ होतो. पावसाळाभर गढूळ वाहणारा ओढा या दिवसांत निवळतो. पहाटे गवतावर दव दिसते, रात्री चांदणे स्वच्छ पडते आणि माणूस उगाच थोडा अंतर्मुख होतो. जुन्या गोष्टी आठवतात. दुरावलेल्या माणसाला भेटावेसे वाटते. असे का व्हावे, याचा विचार श्रीमद्भागवताच्या आधाराने या पाठात करू.

दशमस्कंधाच्या विसाव्या अध्यायात श्रीशुकांनी वर्षा आणि शरद या दोन ऋतूंचे वर्णन केले आहे. अध्याय ४९ श्लोकांचा. त्यात ३२ व्या श्लोकापासून शरद येतो. ऐकणारा कोण, हे मात्र वाचकांनी विसरू नये. परीक्षितीला अवघ्या सात दिवसांची मुदत, त्यातलेही काही सरलेले. ज्याला पुढचा आश्विन दिसायचा नाही, त्याला ऋतुवर्णन कशाला ऐकवायचे? तर तेथे बहुतेक श्लोकांचा अर्धा भाग सृष्टीचा आहे आणि अर्धा माणसाच्या चित्ताचा. सृष्टीचा दृष्टांत, चित्ताचा दार्ष्टांतिक.

शुक म्हणतात, शरदात जळ आपल्या ‘प्रकृती’ला गेले, जसे योगभ्रष्टाचे चित्त पुन्हा योग आचरल्याने ठिकाणी येते. येथे प्रकृती हा शब्द फार मोलाचा आहे. पाण्याला स्वच्छता बाहेरून आणावी लागली नाही. पाऊस थांबला, डोंगरउतारावरून येणारी माती थांबली, ओढ संथ झाली, गाळ तळाशी बसला. स्वच्छपण मूळचेच होते, ते दिसू लागले. पुढल्याच श्लोकात सांगितले आहे की, शरदाने आकाशातले ढग, प्राण्यांची दाटीवाटी, जमिनीवरचा चिखल आणि पाण्यातला मळ या चार गोष्टी हरण केल्या. कृष्णभक्ती चारही आश्रमांतल्या लोकांचे अशुभ हरण करते, तशा. शरद काही देत नाही हो, नेतो! माणसामाणसांतली जवळीकही अशीच आहे. ती मूळची असते. मध्ये गाळ येतो.

आता आमचीच गोष्ट सांगतो. दुसऱ्याची सांगून शहाणपण मिरवण्यात अर्थ नाही. हा अध्याय आम्ही कीर्तनात कितीतरी वर्षे लावला. त्यात एक श्लोक आहे : शेतकऱ्यांनी भक्कम बांध घालून शेतातले पाणी राखले, जसे योगी इंद्रियांवाटे झिरपणारे ज्ञान प्राण आवरून राखतात. हे रंगवून सांगणारे आम्ही. आणि आमचे धाकट्या भावाशी पाच वर्षे बोलणे नव्हते, ते बांधावरूनच! त्याने बांध कोरला असे आमचे म्हणणे, आम्ही कोरला असे त्याचे. पितृपक्षात एकाच वडिलांचे श्राद्ध दोन घरी, दोन वेगळ्या पानांवर व्हायचे. कावळ्याने कोणत्या घरी आधी यावे?

२०१९ सालची गोष्ट. त्या वर्षी दिवाळी आली तरी पाऊस उघडेना. काढलेले सोयाबीन रानात भिजले, शेंगांना कोंब फुटले. एके पहाटे काकड्याला निघालो, तो भावाच्या रानात बॅटरीचा उजेड हललेला दिसला. वाऱ्याने गंजीवरची ताडपत्री उडाली होती आणि तो एकटाच तिचे टोक धरून उभा होता. आम्ही पुढे जावे की नाही, हा विचार केला, हे लपवीत नाही. मग चिखलातून गेलो आणि दुसरे टोक धरले. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी तोच म्हणाला, “दादा, काकड्याला उशीर होईल तुला.” आम्ही म्हणालो, “होऊ दे.” निम्मे सोयाबीन गेलेच. पण पुढल्या पितृपक्षात पान एकच वाढले गेले. बांध हा पाणी अडवायला असतो, भाऊ अडवायला नव्हे, हे आम्हांला साठी गाठल्यावर कळले.

येथे कोणी शंका घेईल : “महाराज, त्या वर्षी तर आभाळ निवळलेच नव्हते. मग शरदाने केले काय?” शंका रास्त आहे. समाधान असे की, ऋतू हा दृष्टांत आहे. चित्त निवळवते ती भक्ती. ऋतू फक्त आठवण देतो. नुसता आश्विन लागून मन निवळत असते तर आमची पाच वर्षे गेलीच नसती. म्हणून आभाळ मोकळे होण्याची वाट पाहू नये. त्याच अध्यायात सांगितले आहे की, उथळ पाण्यातल्या जलचरांना पाणी ओसरते आहे हे कळत नाही, तसे संसारी मूढांना दिवसेंदिवस सरणारे आयुष्य कळत नाही.

ज्ञानेश्वर महाराजांनी पहिल्या अध्यायात, कथा कशी ऐकावी हे सांगताना, शरदाच्या चांदण्यातील चकोराच्या पिलांचा दाखला दिला आहे. तो हळुवारपणा कथेइतकाच माणसांशीही असावा. तेव्हा या कोजागरीला दूध आटवाल, त्यातली एक वाटी ज्या घरचा उंबरा सुटला आहे तेथे न्यावी. न्याय-अन्याय नंतर पाहता येतो. ज्यांना आपण नुकतेच तिलोदक दिले, त्यांना आता वाटी नेता येत नाही.

रामकृष्ण हरी.