फलकाशी थांबत जा

विद्यापीठात नाव लागलं, वसतिगृहात खोली मिळाली, आता एम.ए. अर्थशास्त्राची दोन वर्षं तुझी पुण्यात. परवा तुझी आई फोनवर म्हणाली, "तू तिथलीच, पोरीला चार गोष्टी सांग." तर सांगते. माझी सगळी नोकरी विभागांच्या कार्यालयांत गेली. नोटीस टाइप करायची, सरांची सही घ्यायची, शिक्का मारायचा आणि फलकावर लावायची, हेच काम हातून जास्त झालं. अभ्यास कसा करायचा ते तुझे सर आणि मॅडम सांगतील. मी फलकाबद्दल सांगणार आहे.

आपल्याकडे लग्नाची पत्रिका हातात पडली तरी घरी येऊन कोणी आग्रह केल्याशिवाय माणसं निघत नाहीत. विद्यापीठात तशा आग्रहाची वाट बघत बसलीस तर दोन्ही वर्षं वसतिगृह, वर्ग आणि खानावळ यांतच जातील. चारशे एकरांहून मोठं आवार आहे ते. रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीत व्याख्यान असतं, चर्चासत्र असतं, मंडळाची बैठक असते, नाटकाची तालीम असते. या सगळ्याचं बोलावणं म्हणजे फलकावरचा एक साधा कागद. 'विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे' असं त्यावर छापलेलं असतं. त्या विद्यार्थ्यांत तू आहेस, हे पहिल्या दिवसापासून धरून चाल. गावाकडून आलेल्या मुली ते वाक्य दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून पुढे जातात. मी हे फार वेळा पाहिलं आणि दर वेळी मला वाईट वाटलं.

तू म्हणशील, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतंच की सगळं. येतं, पण अर्धं येतं. कुणीतरी घाईत तिरका फोटो काढतो, त्यात खालची ओळ कापली जाते, दुसरं पान राहून जातं. अर्जाचा नमुना नेमका त्या दुसऱ्या पानावर असतो. म्हणून ग्रुपवर दिसलं की फलकापाशी जाऊन किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मूळ कागद बघायचा. सकाळी वर्गात शिरण्याआधी दोन मिनिटं आणि संध्याकाळी निघताना दोन मिनिटं. संध्याकाळचं चुकवू नकोस, कारण बहुतेक सह्या दुपारनंतर होतात आणि कागद चारच्या पुढे लागतात.

आता परिपत्रक वाचायचं कसं, ते नीट ऐक. वर एका बाजूला 'जा.क्र.' म्हणजे जावक क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला दिनांक असतो. हे दोन्ही वहीत उतरवून घे. खिडकीवर जाऊन "ते शिष्यवृत्तीचं पत्रक होतं ना" असं विचारलंस तर समोरचा माणूस "कुठलं?" म्हणणार, कारण त्याच्याकडे तशी दहा असतात. क्रमांक सांगितलास तर तो फाईल काढतो. त्याखाली विषय आणि संदर्भ. संदर्भात आधीच्या एखाद्या पत्राचा क्रमांक दिसला, तर ते आधीचं पत्रही वाचावं लागतं, कारण खरी अट पुष्कळदा तिथे असते. मग 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा लांबलचक परिच्छेद येतो. शेवटची तारीख याच परिच्छेदाच्या पोटात असते, वेगळ्या ओळीत नसते. ती सापडली की पेन्सिलीने तीन दिवस आधीची तारीख वहीत मांड आणि तीच आपली शेवटची तारीख समज.

पत्रक कुणाला उद्देशून आहे तेही बघ. 'सर्व संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य' असं असेल तर ते महाविद्यालयांसाठी. 'विद्यापीठ आवारातील सर्व विभागप्रमुख' असं असेल तर तुमच्यासाठी. दोघांच्या तारखा वेगळ्या असू शकतात आणि ग्रुपवर दोन्ही पत्रकं एकाच दिवशी फिरतात. तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून यादी असते, तीही वाच. कागद कुठून निघाला आणि कुठेकुठे पोचला हे तिच्यावरून कळतं, म्हणजे अडल्यावर कुणाच्या दारात उभं राहायचं तेही कळतं.

आणि शुद्धिपत्रक. याला सगळ्यांत जास्त जप. आधीच्या पत्रकातली तारीख, शुल्क किंवा पात्रता बदलली की चार ओळींचं शुद्धिपत्रक निघतं आणि फलकाच्या कोपऱ्यात लागतं. एक मुलगा सगळी कागदपत्रं नेटकी लावून, मूळ पत्रकातल्या तारखेच्या आदल्या दिवशी आला होता. शुद्धिपत्रकाने मुदत दोन दिवस अलीकडे आणली होती. त्याच्या कामात कणभरही हयगय नव्हती, तरी त्याचं वर्षाचं नुकसान झालं. म्हणून अर्ज द्यायला निघताना फलक पुन्हा एकदा बघायचा.

आता व्याख्यानांचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मनापासून वाटतं ते हेच. आपल्या विषयाच्या व्याख्यानाला तू जाशीलच, मॅडम हजेरीही घेतील. पण आठवड्यातून एकदा तरी आपल्या विषयाचं नसलेलं व्याख्यान ऐक. पुण्यात त्यासाठी पैसे लागत नाहीत, वेळ काढावा लागतो, एवढंच. आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण विश्वाची उत्पत्ती मराठीतून समजावून सांगण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका सगळ्यांसाठी खुली असते. जा, आणि चार्ल्स कोरियांनी आखलेली ती वास्तूही बघ. ललित कला केंद्रातली मुलं आपले प्रयोग करतात, त्याचाही कागद लागतो. आवाराबाहेर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते. तिचं मूळ न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत, १८७५ पर्यंत जातं. परीक्षा जवळ आली म्हणून सगळंच सोडू नकोस, एखादी संध्याकाळ काढ.

तुझ्या विषयाचं एक उदाहरण देते. गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मृती व्याख्यान होतं. २९ जानेवारी १९३९ ला, संस्थेच्या वार्षिक समारंभात, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संघराज्याच्या योजनेवर बोलले. १९३५ च्या कायद्यातल्या त्या योजनेची त्यांनी केलेली चिरफाड पुढे पुस्तकरूपाने आली आणि आजही अभ्यासली जाते. त्या दिवशी पुण्यात अर्थशास्त्र शिकणारी किती मुलं असतील! त्यांतल्या काहींनी सूचना वाचली असेल आणि काहींनी "आज राहू दे" म्हटलं असेल. आज फलकावर लागलेलं कुठलं नाव उद्या मोठं ठरणार, हे आधी कुणालाच कळत नाही. म्हणून वक्त्याचं नाव ओळखीचं नाही, एवढ्यावर जाणं टाळू नकोस.

व्याख्यानाला वीस मिनिटं आधी पोच. सभागृह आयत्या वेळी बदलतं आणि बदलाची चिठ्ठी फक्त दारावर असते. अशा वेळी शिपाईमामांना विचार, खुर्च्या कुठे हलवल्या ते त्यांना आधी कळलेलं असतं. त्यांच्याशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घे, नावाने हाक मार. पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बस. वहीत तारीख, स्थळ, वक्त्याचं नाव आणि व्याख्यानात उल्लेख झालेली पुस्तकं लिही. बाकी सगळं उतरवत बसू नकोस, ऐक. दुसऱ्या दिवशी जयकर ग्रंथालयात जाऊन त्यांतलं एक तरी पुस्तक काढ. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं हे ग्रंथालय. तुझं निम्मं शिक्षण तिथे होणार आहे.

प्रश्न विचार. आधी वहीत एका वाक्यात लिही, मग हात वर कर, नाव आणि विभाग सांग आणि ते वाक्य वाच. प्रस्तावना नको, "माझ्या मते" नको. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत विचार. आपल्या अंबाजोगाईच्या बोलीत विचारलास तरी चालेल. विचारायचं काहीतरी असतं आणि भाषेच्या धास्तीने तोंड मिटलेलं राहतं, अशा मुली मी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलेल्या पाहिल्या आहेत. तू तशी राहू नकोस. व्याख्यान संपलं की वक्त्याभोवती फोटोसाठी गर्दी होते. ती ओसरेपर्यंत थांब आणि एकच विचार, "या विषयावर मी आधी काय वाचू?" त्याचं उत्तर आनंदाने मिळतं.

प्रमाणपत्रासाठी चर्चासत्रांची नोंदणी करत फिरू नकोस. सही करून चहाच्या वेळी निघून जाणारी मुलं असतात. त्यांच्या फाइली जाड होतात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ती अडखळतात.

मंडळांच्या बैठकांचं थोडक्यात सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये पहिली बैठक होते, ती चुकवू नकोस, कारण कामं त्याच दिवशी वाटली जातात. नव्या मुलींच्या वाट्याला स्वागत, रांगोळी आणि सूत्रसंचालन येतं. रांगोळी काढ हवी तर, पण पत्रव्यवहार किंवा इतिवृत्त माझ्याकडे द्या, असं स्वतःहून सांग. इतिवृत्त लिहिणारीला बैठकीत कोण काय म्हणालं, काय ठरलं, कुणावर सोपवलं, हे सगळं माहीत असतं. तारीख, उपस्थितांची नावं, ठराव, सूचक, अनुमोदक, शेवटी अध्यक्षांची सही. हे एकदा हाताला आलं की पुढे कुठल्याही कार्यालयात तुझं अडणार नाही. पत्रव्यवहार घेतलास तर वक्त्यांना पत्र लिहिणं, त्यांची गाडी किती वाजता येते ते विचारणं, प्रवेशद्वारापासून सभागृहापर्यंत सोबत चालणं तुझ्याकडे येईल. त्या दहा मिनिटांच्या चालण्यात जे बोलणं होतं, ते मंचावरून ऐकायला मिळत नाही. पैशाचा हिशेब हातात आला तर प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी चिकटव. मानधन पाच हजारांवर रोख दिलं तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावून सही घ्यायची. आणि भित्तिपत्रकाची सूचना लागली तर त्यात लिहीच.

पैशाच्या सूचना लाजून मागे ठेवू नकोस. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो आपोआप पुढे जात नाही, नूतनीकरण करावं लागतं. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं आहे का, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कधी संपते, हे दिवाळीला घरी जाशील तेव्हाच तपास. तहसीलमधून दाखला काढायला पुण्याहून पुन्हा फेरी घालणं परवडत नाही. कमवा व शिका योजनेची सूचना विद्यार्थी विकास मंडळाकडून निघते. तीत काही तास काम असतं आणि तासावर पैसे मिळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव त्या योजनेला आहे. तिच्यात काम केलेल्या मुलांची मला फार किंमत वाटते, तुलाही वाटू दे.

परीक्षेच्या नोटिसांत दोन गोष्टी बघ. फॉर्म भरल्यावर त्याची प्रत काढून ठेव आणि हॉल तिकिटावर विषयांची नावं व संकेतांक ताडून बघ. चूक असेल तर त्याच दिवशी सांग. विलंब शुल्क आणि अतिविलंब शुल्क असे दोन टप्पे असतात, तिथवर जाण्याची वेळच आणू नकोस. निकाल लागला आणि गुण पटले नाहीत तर रडत बसायला सवड नसते, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्जाची मुदत लहान असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसा निकाल दिला आहे. आधी प्रत घे, विषयाच्या सरांना दाखव, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरव.

फलकावर कायम लागलेला, म्हणून कुणी न वाचणारा एक कागद असतो. त्यावर अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि रॅगिंगविरोधी मदतीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक असतो. दोन्ही पहिल्या दिवशी फोनमध्ये भर. तुला गरज पडू नये, पण शेजारच्या खोलीतल्या मुलीला पडू शकते. संध्याकाळचं व्याख्यान आठपर्यंत लांबलं तर एकटी निघू नकोस. त्याच व्याख्यानाला आलेल्या दोघी-तिघी बघून ठेव. उशीर होणार हे माहीत असेल तर वॉर्डनला व्याख्यानाच्या सूचनेचा फोटो आधी दाखव. कागद दाखवला की त्या बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

आणि बोनाफाईडसाठी अर्ज करशील तेव्हा एकदम तीन प्रती माग. एक बसच्या पाससाठी, एक बँकेसाठी, एक शिष्यवृत्तीला. प्रत्येकीवर कारण वेगळं लिहावं लागतं, ते अर्जातच नमूद कर, म्हणजे तीन खेपांचं काम एका खेपेत होतं. अर्जाची पोच घे, तिच्यावर आवक क्रमांक टाकून माग.