तिकिटाचे पैसे वेगळे, मदतीचे वेगळे

ढाणकीहून सहल काढायची आणि तिच्या निमित्ताने एखाद्या चांगल्या कामाला चार पैसे उभे करायचे, हा उद्योग आम्ही काही जण करतो. सहस्रकुंड, माहूर ही ठिकाणं लोकांची पाहून झालेली. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं वरोऱ्याचं आनंदवन म्हटलं की मात्र नावं पटापट येतात. या उद्योगातून जे कळलं ते असं.

१. तिकिटातून निधी निघत नाही.

आनंदवन इथून दोनशे किलोमीटरहून लांब. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, मग वणीवरून वरोरा. एका दिवसात जाऊन यायचं तर पाहणं कमी आणि बसमध्ये बसणंच जास्त, म्हणजे मुक्काम आलाच. एसटी प्रासंगिक करारावर घेतली तर भाडं अख्ख्या गाडीचं. चार सीट रिकाम्या राहिल्या तरी तेवढंच. त्यात बायांचा हिशेब पक्का. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सहलीचा आकडा ऐकला की भुवया वर जातात. त्याच आकड्यात मदतीचे दोनशे रुपये दडवले तर संशयच येणार. एका मावशींनी भर बैठकीत विचारलं होतं, "माहे पैसे डिझेलात जातीन का तिकडं जातीन?" प्रश्न अगदी रास्त. आम्ही खर्चाचा कागद सगळ्यांसमोर वाचतो आणि सीटचा दर खर्चापुरताच ठेवतो. मदत ऐच्छिक, तिची वही निराळी.

२. मागायचं ते पाहून झाल्यावर.

१९५१ साली विनोबा वर्ध्याकडून पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी गेले, तेव्हा जमीन मागायचं त्यांच्या मनात नव्हतं. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकरांची गरज सांगितली. विनोबांनी ती गावापुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले. पुढची सगळी भूदान पदयात्रा त्यातून निघाली. आमच्या बसची त्याच्याशी बरोबरी नाही, पण क्रम तोच लागू पडतो: आधी गरज पाहायची, मग मागायचं. जाताना गाडीत अंताक्षरी चालते, चिवडा फिरतो, खिशात कोणी हात घालत नाही. वही परतीला काढावी, यवतमाळ यायच्या आत. ढाणकीत उतरून माणूस घरात शिरला की "पाहू, सांगतो" सुरू होतं.

३. पन्नास पाहुणे म्हणजे यजमानाला भार.

बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं ते खिशात चौदा रुपये आणि जोडीला एक लंगडी गाय घेऊन, असं सांगतात. कुष्ठरोगी माणूस भिकेने उभा राहत नाही, कामाने राहतो, हा तिथला पाया. म्हणून जायच्या आधी कळवायचं, त्यांच्या सोयीची वेळ विचारायची, जेवणाचे पैसे आपण द्यायचे. बिस्किटांचे पुडे वाटण्याची हौस आवरावी. माणसांचे फोटो तर नकोतच. बोटं झडलेल्या हाताचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून कोणाचं भलं होतं? त्यापेक्षा तिथल्या हातांनी बनवलेली वस्तू विकत घ्यावी. ती खरेदीही आम्ही मदतीतच धरतो, आणि सहलीतल्या बायांना हा मार्ग सगळ्यात जास्त पटतो: पैसे गेले आणि वस्तूही घरी आली.

खरं तर प्रवास करून निधी कसा उभा करावा हे आनंदवनाकडूनच शिकावं. 'स्वरानंदवन' हा तिथल्या अपंग कलाकारांचा वाद्यवृंद गावोगाव जाऊन कार्यक्रम करतो. लोक गाण्याचे पैसे देतात, दयेचे नाही.

४. पैसा आपल्या खिशातून जाऊ देऊ नये.

ज्याने दिले त्याच्याच नावाची पावती, आणि शक्यतो रक्कम थेट संस्थेच्या खात्यात. '८०जी'ची करसवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर नाहीच. आणि बसभाडं देणगीत धरता येत नाही. आमचे मास्तर लोक हे दरवेळी नव्याने विचारतात! गावात घरोघर वर्गणी मागायची असेल तर गणेश मंडळांसारखी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी पाहावी. आपल्याच विदर्भातल्या गाडगेबाबांनी फिरून लोकांकडून पैसा उभा केला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधवल्या, पण त्यावर स्वतःची मालकी ठेवली नाही. लोक वर्गणी देतात ती असल्या निर्लेपपणाकडे पाहून. गोळा करणाऱ्याच्या घरी नवी मोटरसायकल आली की पुढच्या वर्षीची बस भरत नाही, मग ती कर्ज काढून घेतलेली का असेना.

५. तारीख शेतीला विचारून ठरवावी.

दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा पैसा येतो, पण तेव्हाच कापूस वेचायला असतो आणि बाया मोकळ्या नसतात. एप्रिल-मेमध्ये लग्नं, वर वणी-वरोऱ्याकडचं ऊन. आम्हाला संक्रांत उलटल्यानंतरचे दिवस बरे पडतात. बचत गटाच्या बैठकीत तारीख पक्की करावी. पुरुषांना नंतर कळवलं तरी चालतं.