तांब्याच्या नळीला भोक पडलं तर: प्लंबर येईपर्यंतचं विज्ञान

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जुन्या घरात राहत असाल, तर भिंतीतल्या पाण्याच्या नळ्या बहुधा तांब्याच्या असतील. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांना कधीकधी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, आणि तेही नेमकं रविवारी रात्री (हा नियम अजून कुणी सिद्ध केलेला नाही!). सोमवारपर्यंत काय करायचं?

घरातला दाब ४ बार आणि भोक १ मिमी व्यासाचं धरू. पाणी ताशी सुमारे १०० किमी वेगाने बाहेर पडेल. मिनिटाला पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला हजार लिटरहून जास्त. लाकूड आणि प्लास्टरबोर्डच्या घरात हे परवडत नाही. म्हणून आधी मेन व्हॉल्व्ह बंद करा. अमेरिकेत तो बहुतेकदा तळघरात किंवा गॅरेजमध्ये असतो, ब्रिटनमध्ये किचनच्या सिंकखाली. तो कुठे आहे हे आज, घर कोरडं असतानाच पाहून ठेवा. वॉटर हीटरही बंद करा, कारण टाकी रिकामी झाली तर विजेचं एलिमेंट जळतं. मग सर्वात खालचा नळ उघडून नळ्या रिकाम्या करा.

आता गंमत बघा. भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम ०.८ चौरस मिमी. त्यातून बाहेर ढकलणारं बल फक्त ३२ ग्रॅम वजनाइतकं, एका छोट्या लिंबाएवढं! मग चिकटपट्टी का टिकत नाही? कारण ओल्या धातूला डिंक नीट चिकटत नाही आणि पाणी पट्टीखाली पसरतं. ते एक चौरस सेंटिमीटरभर पसरलं की तोच दाब ४ किलोचा जोर लावतो आणि पट्टी उचलली जाते. म्हणजे पाण्याला भोकाबाहेर पसरूच द्यायचं नाही. चिकटवणं दुय्यम, आवळणं महत्त्वाचं.

सायकलच्या जुन्या ट्यूबचा पाचेक सेंटिमीटरचा तुकडा कापा. नळी पुसून कोरडी करा आणि तो भोकावरून गुंडाळा. वरून दोन होज क्लॅम्प भोकाच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ बसवून स्क्रूड्रायव्हरने आवळा. स्क्रू भोकाच्या विरुद्ध बाजूला येऊ द्या. फार जोर नको, तिथला तांब्याचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.

हळूहळू का, याचं उत्तर निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दिलं. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम अडवलं, तर तांब्याच्या नळीत दाब क्षणभर सुमारे १३ बारने वाढतो. नळ फाडकन बंद केल्यावर 'धप्प' असा आवाज येतो तो हाच. तेव्हा ठिगळ असेपर्यंत नळ सावकाश बंद करा, आणि वॉशिंग मशीन नकोच. तिचा व्हॉल्व्ह झटक्यात मिटतो.

रबर सतत दाबलेलं राहिलं की त्याचा ताण हळूहळू सैलावतो, गरम पाण्याच्या नळीवर अधिक लवकर. झोपण्यापूर्वी एकदा हात लावून बघा आणि खाली बादली ठेवा. घरात कुणी नसेल तेव्हा मेन बंदच ठेवा.

प्लंबर आला की फक्त भोकाची जागा बदलून घेऊ नका. नळी आतून खड्ड्याखड्ड्यांनी झिजली असेल, तर आरपार गेलेला हा पहिला खड्डा आहे. कापलेला तुकडा मागून घ्या, उभा चिरायला सांगा आणि आतून बघा: हिरवट फोडांखाली आणखी किती खड्डे आहेत ते मोजता येतं.